त्रिएस्तेला जायचं, पण कोण म्हणून?

प्रश्न : (पत्र मोठं होतं. ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात देत आहोत.)

मी ३९ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर. नाशिकला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन सांभाळतो. पत्नी जीवशास्त्रात संशोधन करते. तिला इटलीतल्या त्रिएस्ते या शहरात तीन वर्षांचं काम मिळतंय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. आई ७१ वर्षांची, आमच्याजवळ असते. धाकटा भाऊ पुण्यात. पत्नीला वाटतं, सगळ्यांनी जावं. माझी अडचण अशी की, हे शहर कुणी ऐकलेलंच नाही. मिलान, रोम असतं तर गोष्ट वेगळी. हे पार कोपऱ्यात, स्लोव्हेनियाला चिकटून. नेटवर वाचलं की तिथं म्हातारी माणसं जास्त, वारा भयंकर, आणि आपली माणसं जवळपास नाहीत. मी तिथं जाऊन करणार काय? ‘डिपेंडंट’ म्हणून घरी बसू? काकांनी परवा चारचौघांत विचारलं, ‘इटलीत घरजावई व्हायला चाललास का?’ मुलीची शाळा, आईची तब्येत, माझी पंधरा वर्षांची नोकरी, हे सगळं एका आडबाजूच्या शहरासाठी पणाला लावावं का? की पत्नीनं एकटीनं जावं आणि आम्ही इथंच राहावं?

उत्तर :

समजा, उद्या नेमणुकीच्या पत्रात त्रिएस्तेच्या जागी मिलान असं लिहून आलं. तर काका गप्प बसतील?

मला तरी तसं वाटत नाही. चार लोक ‘अरे वा’ म्हणतील, सोसायटीत सांगायला बरं वाटेल. मग एका सोमवारी सकाळी पत्नी कामावर आणि मुलगी शाळेत गेली की तुम्ही भाड्याच्या घरात एकटे उराल. मिलानमध्येही तेच होणार, फक्त भाडं जास्त पडणार. तुमच्या पत्रात शहराविषयीची तक्रार ऐसपैस आहे आणि ‘मी तिथं जाऊन करणार काय?’ हा प्रश्न एका ओळीत उरकलाय. माझ्या मते सगळं पत्र त्या एका ओळीपायीच लिहिलं गेलंय.

तरी आधी शहराचं बघू. ते तुम्हाला फक्त ऐकीव माहितीवरून दिसलंय.

आम्हा समुपदेशकांना त्रिएस्ते वेगळ्याच कारणानं माहीत असतं. १९७१ मध्ये फ्रांको बझालिया नावाचे मनोविकारतज्ज्ञ तिथल्या सान जोवान्नी मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी कुलपं काढायला सुरुवात केली. १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून केलेला मोठा निळा घोडा मिरवणुकीनं रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आणला गेला. १९७८ मध्ये इटलीनं कायदाच केला आणि देशभरची मनोरुग्णालयं बंद करण्याची वाट खुली झाली. त्या आवारात आज गुलाबांची मोठी बाग आहे, लोक संध्याकाळी फिरायला येतात. वेड्यांच्या इस्पितळाची भिंत पहिल्यांदा जिथं पडली त्या गावाला मी तरी आडबाजूचं म्हणणार नाही. पण हा माझा पक्षपात झाला, सोडा.

तुमच्या पत्नीसारखी संशोधनातली माणसंही त्याला आडबाजूचं म्हणणार नाहीत. १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र तिथं उभं केलं. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना जगापासून तुटल्यासारखं वाटू नये, हा त्यांचा हेतू. आपले कितीतरी भौतिकशास्त्रज्ञ आणि गणिती तिथं राहून आलेत. २०१९ मध्ये त्या केंद्राचे संचालक झाले ते अतीश दाभोलकर, कोल्हापूर जिल्ह्यातले. जनुकीय अभियांत्रिकीचं जे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, त्याची एक शाखा त्रिएस्तेत आणि एक दिल्लीत. म्हणजे आपली माणसं नाहीत हे काही खरं नाही. खरी अडचण निराळी आहे. ही माणसं येतात आणि जातात. कुणी तीन महिने, कुणी दोन वर्षं. दिवाळीला जमलेली मंडळी पुढच्या दिवाळीला नसतात. मुलीची जिवलग मैत्रीण एखाद्या जूनमध्ये ब्राझीलला परत जाईल. तयारी करायची तर या गोष्टीची करा.

शहर कोपऱ्यात का आहे, हेही थोडं समजून घ्या. १३८२ पासून १९१८ पर्यंत, नेपोलियनचा काळ सोडला तर, त्रिएस्ते ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे होतं. १७१९ मध्ये त्याला मुक्त बंदराचा दर्जा मिळाला, १८५७ मध्ये व्हिएन्नाहून रेल्वे पोहोचली, सुएझचा कालवा झाल्यावर तिथल्या लॉइड कंपनीच्या आगबोटी थेट मुंबईला येऊ लागल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुंबईत गोदीवरच्या माणसाला त्रिएस्ते नक्की माहीत असणार. पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य गेलं, त्रिएस्ते इटलीकडे आलं आणि बंदर उरलं. ज्या मुलखासाठी ते बांधलं होतं तो परका झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं ते कुठल्याच देशाचं नव्हतं, १९५४ मध्ये पुन्हा इटलीकडे आलं. त्यामुळे आज जेमतेम दोन लाख वस्तीच्या गावाला एका साम्राज्याच्या इमारती आहेत: समुद्राकडे उघडणारा प्रचंड चौक, ऑपेरा, शंभर वर्षं जुनी कॉफीगृहं, सर्बियन चर्च, मोठं सिनेगॉग. राहणाऱ्याच्या दृष्टीनं हा सौदा वाईट नाही. शिवाय २०२१ पासून मोठ्या क्रूझ बोटींना व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी झाली, त्यातल्या काही आता त्रिएस्तेला लागतात. म्हणजे पर्यटक अगदीच नाहीत असंही नाही, पण ते उतरतात, चौकात फोटो काढतात आणि जातात.

पर्यटकांची पसंती हा राहण्याचा निकष धरला की काय होतं, ते तिथून रेल्वेनं दोनेक तासांवर दिसतं. व्हेनिसच्या जुन्या शहरात राहणाऱ्यांची संख्या आता पन्नास हजारांच्या खाली आलीय. किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकानं आली. आपल्याकडे महाबळेश्वरला मे महिन्यात दूध आणायला निघालेल्या माणसाला विचारा.

पण पर्यटक नसण्याची एक किंमत असते आणि ती तुम्हालाच मोजावी लागेल. पर्यटकांच्या शहरात इंग्रजीवर निभावतं. इथं संस्थेच्या फाटकाच्या आत सगळे इंग्रजी बोलतील. बाहेर नगरपालिकेचा कारकून, नळ दुरुस्त करणारा, मुलीची बाई, बसमधल्या आजी, सगळे इटालियन बोलणार, तेही स्थानिक ढंगाचं. वरच्या कार्सो पठारावर स्लोव्हेनियन. पत्नी दिवसभर फाटकाच्या आत असेल, तुम्ही बाहेर. घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगली इटालियन यायला हवी ती तुम्हाला. तिकीट काढण्याआधी निदान चार महिने रोज तासभर ऑनलाइन शिकवणी लावा. तिथं पोहोचल्यावर प्रौढांसाठी ‘सीपीआयए’ नावाची सरकारी केंद्रं असतात, फी अगदी कमी किंवा नसतेच. नव्यानं येणाऱ्या परदेशी माणसाकडून सरकार एका करारावर सही घेतं, त्यात दोन वर्षांत ए-२ पातळीची, म्हणजे रोजचं साधं बोलणं निभावेल इतकी, बोली इटालियन अपेक्षित असते. तेव्हा कधीतरी शिकावीच लागणार, तर आधीच का नको?

वाऱ्याचं खरं आहे. ‘बोरा’ म्हणतात त्याला. हिवाळ्यात ईशान्येकडून, डोंगरावरून खाली समुद्राकडे कोसळतो, झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. पूर्वी माणसांना धरायला रस्त्यांवर दोर बांधत. तो काही बारा महिने नसतो, पण घर बघताना खिडक्यांना बाहेरून झडपा आहेत का, घर चढावरच्या गल्लीत आहे का, हे विचारा. छत्रीवर पैसे घालवू नका. आणि हेच गाव जूनमध्ये बघाल तर ओळखणार नाही: दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोक समुद्रकाठच्या बार्कोला भागात काँक्रीटच्या कठड्यावर टॉवेल टाकून पडलेले असतात, अंगाला मीठ चिकटलेलं तसेच कामावर परत.

म्हाताऱ्यांचं गाव हेही खरं. इटली एकूणच वयस्कर, त्यात त्रिएस्ते जास्त. तरुण मुलं नोकरीसाठी बाहेर पडतात. ही गोष्ट तुमच्या पत्रात करमणुकीच्या अंगानं आलीय, ती मी कामाच्या अंगानं घेईन: इथं नोकऱ्या रांगेत उभ्या नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न.

‘डिपेंडंट’ या शब्दानं तुम्ही बरेच घाबरलेले दिसता. कागदावर तो तुम्हाला वाटतो तितका बांधून ठेवत नाही. कुटुंबाच्या कारणानं मिळणाऱ्या निवास परवान्यावर इटलीत नोकरी करता येते, स्वतःचा व्यवसायही करता येतो. त्रिएस्तेत फिंकांतिएरी या जहाज बांधणाऱ्या मोठ्या कंपनीचं मुख्यालय आहे, तिचा कारखाना जवळच मोनफाल्कोनेला. बंदर आहे, त्याभोवती मालवाहतुकीचे धंदे आहेत. प्रॉडक्शनमधला पंधरा वर्षांचा माणूस तिथं अगदीच अनोळखी जातीचा ठरणार नाही. पण व्यवहारी इटालियन येईपर्यंत दार उघडणार नाही, म्हणून पहिल्या वर्षात नोकरीची आशा धरू नका. धरली तर प्रत्येक महिना हरल्यासारखा जाईल. सध्याच्या कंपनीत बिनपगारी रजा मिळते का, किंवा कागदोपत्री काम दुरून करता येतं का, हे विचारून ठेवा. दुरून काम करायचं ठरलं तर तिथल्या करसल्लागाराला आधी भेटा. वर्षात सहा महिन्यांहून जास्त तिथं राहिलात की कराचं प्रकरण तिकडे सरकतं, आणि ‘पगार तर नाशिकच्या खात्यात येतो’ हे उत्तर चालत नाही.

आणि नोकरी नसलेल्या वर्षात काय? घर. मुलीला शाळेत सोडणं-आणणं, कचेऱ्यांच्या रांगा, डॉक्टर, बाजार, स्वयंपाक. तुमच्या शिफ्ट सुरू होत्या तेव्हा पत्नीनं संशोधन आणि घर कसं जुळवलं असेल, याचा एकदा तिच्याबरोबर बसून हिशेब मांडून बघा. मी टोमणा मारत नाहीये. हे काम किती तासांचं आहे हे माहीत असलेला माणूस त्याला ‘घरी बसणं’ म्हणत नाही, आणि तसं न म्हणणं तुम्हाला तिथं उपयोगी पडेल. काकांना मात्र फार समजावत बसू नका. ‘हो, तीन वर्षांसाठी’ एवढं म्हणून चहा मागवा.

मुलीचं म्हणाल तर तिच्या वयाला भाषा येते, पण पहिले काही महिने ती वर्गात गप्प बसेल आणि घरी आल्यावर तुमच्यावर चिडेल. इटलीत सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून, सरकारी शाळेत परदेशी मुलांना प्रवेशाचा हक्क आहे. इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळाही तिथं आहे, पण तिची फी संशोधकाच्या पगारात जड जाते. तीन वर्षंच राहायचं असेल तर इंग्रजी शाळा बरी, असं बहुतेक पालकांना वाटतं. मला उलट वाटतं. गल्लीतल्या मुलांशी खेळता आलं नाही तर ती तीन वर्षं फार लांब होतील. परत आल्यावर मात्र महाराष्ट्रात कुठल्याही शाळेत मराठी सक्तीची आहे, म्हणून बालभारतीची चौथी-पाचवीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून न्या आणि रोज थोडं लिहून घ्या. हे काम आजीकडे देता येईल, व्हिडिओ कॉलवर. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. दुपारची शाळा सुटली की नाशिकला संध्याकाळ.

आईवरून आठवलं. पत्रभर तुम्ही आईच्या तब्येतीचं कारण देताय, पण आई काय म्हणाली ते कुठंच नाही. विचारलंय का तिला? आपल्याकडे मुलं आईच्या वतीनं फार निर्णय घेतात. कदाचित ती म्हणेल, मी पुण्याला राहते, तुम्ही जा. कदाचित म्हणेल, मला नाशिक सोडायचं नाही. दोन्ही ऐकून घ्या आणि धाकट्या भावालाही चर्चेत बसवा, नुसतं कळवू नका. आईवडिलांना इटलीत कायमचं बोलावण्याच्या अटी कडक आहेत, तुम्हाला भाऊ असल्यानं ते जवळपास नाहीच. पण शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस ती येऊ शकते. आणायचं तर मे-जूनमध्ये आणा, बोरा सुरू झाल्यावर नको.

पत्नीनं एकटीनं जाणं हा पर्याय मी हलक्यात काढत नाही. बोटीवर जाणाऱ्यांची, सैन्यातल्यांची कितीतरी मराठी घरं असाच संसार करतात आणि नीट करतात. त्यांनी मात्र ते डोळसपणे निवडलेलं असतं. तुम्ही इथं राहिलात तर ते मुलीसाठी, आईसाठी किंवा हातातल्या कामासाठी राहा. शहर लोकांना माहीत नाही म्हणून किंवा काका हसले म्हणून राहिलात, तर पत्नीला ते कळेल. आणि तिनं आठ-नऊ वर्षांची मुलगी मागं ठेवून तीन वर्षं परदेशी राहायचं, ही किंमत तुमच्या पत्रात कुठं मांडलेलीच नाही.

माझा कल टप्प्याटप्प्यानं जाण्याकडे आहे. पत्नीनं आधी जावं, घर बघावं. मुलीची तिसरी इथं पूर्ण होऊ द्या. तुम्ही दोघं मे-जूनमध्ये पोहोचा. तिकडची शाळा सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते, मधला उन्हाळा भाषेला आणि समुद्राला मिळतो. वर्षानं आढावा घ्यायचं आधीच ठरवा, पण जानेवारी-फेब्रुवारीत कुठलाही निर्णय घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाला परतायचं असतं.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. मोनफाल्कोनेच्या जहाज कारखान्यामुळे तिथं बांगलादेशी वस्ती मोठी आहे, रेल्वेनं अर्ध्या तासावर डाळी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर मिळून जाईल. पण त्याच गावात परक्यांविषयीची नाराजीही उघड आहे. क्रिकेट खेळायला मनाई असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये सगळीकडे झळकल्या होत्या. संस्थेतल्या शास्त्रज्ञाला मिळणारी वागणूक आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या गव्हाळ माणसाला मिळणारी वागणूक एकच असेल असं नाही. हे मुलीलाही तिच्या भाषेत आधी सांगून ठेवा.

कागदपत्रांचं शेवटी, पण सुरुवात याच आठवड्यात करा, जायचं नक्की नसलं तरी. संशोधकांच्या कुटुंबांसाठीचे नियम इतरांपेक्षा वेगळे असतात आणि नियम बदलत राहतात, म्हणून एजंटाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पत्नीच्या संस्थेकडून लेखी घ्या, मुंबईच्या इटालियन वकिलातीच्या सूचनांशी ताडून बघा. विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, दोन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून) लागतो, मग इटालियन भाषांतर. तिथं पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. पुढे परवान्याचं नूतनीकरण चालू असताना हातात फक्त पावती असेल, तेव्हा स्लोव्हेनियात जाऊ नका. सीमा शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे, लोक सहज पेट्रोल भरायला जातात, पण त्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून इटलीनं त्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलीय.

आणि नावं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असतं: पासपोर्टवर वडिलांचं नाव जोडून, डिग्रीवर माहेरचं आडनाव, मुलीच्या दाखल्यावर नुसतं आद्याक्षर. इटलीत प्रत्येकाला जो कर-क्रमांक मिळतो, तो नाव, आडनाव, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थळ (परदेशात जन्मलेल्यांसाठी जन्मदेश) यांवरूनच बनतो, आणि घरभाड्यापासून डॉक्टरपर्यंत सगळीकडे तोच लागतो. तिघांचे कागद एका टेबलावर मांडून स्पेलिंगं जुळवायला पत्नीबरोबर एक रविवार काढा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती इथंच करून घ्या, महानगरपालिकेत त्याला वेळ लागतो. त्याच रविवारी तिला एवढंही विचारा की, मी ‘नाही’ म्हटलं तर तू काय करशील. उत्तर ऐकून घ्या, लगेच त्यावर बोलू नका.